गच्चीवर वाफेची गाडी: ३२ मिलिमीटरच्या रुळांवरचं पहिलं इंजिन

विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्या आपल्याकडे पुष्कळांनी पाहिल्या आहेत. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे शाळांच्या सहली जातात. इथे बोलायचंय ते त्याहून वेगळ्या प्रकाराबद्दल. या इंजिनाच्या पोटात खरोखर आग पेटते, पाणी उकळतं, वाफ दट्ट्याला ढकलते आणि चाकं फिरतात. रुळांत वीज नसते. इंजिन साधारण फूटभर लांब, वजन दोन-तीन किलो, आणि हात लावला तर भाजतं.

अशा इंजिनाचं जे बिघडतं ते बहुतेक वेळा गाडी हलण्याआधीच्या पंधरा मिनिटांत बिघडलेलं असतं: पाणी किती भरलं, तेल घातलं का, गॅस कसा भरला, सिलिंडर तापू दिले का. गाडी चालवणं त्या मानाने सोपं. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलंय आणि चालवण्यावर थोडं.

मापाचा हिशोब

बागेत किंवा गच्चीवर वाफेची गाडी चालवणाऱ्यांचं एक रुळलेलं माप म्हणजे एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे १:१९. हे माप ब्रिटनमधल्या दोन फुटी अरुंद रुळांच्या गाड्यांसाठी ठरलं. ६१० मिलिमीटरला १९ ने भागलं की ३२ मिलिमीटर येतात, म्हणून रूळ ३२ मिलिमीटरचे.

नेरळ–माथेरान गाडीही दोन फुटीच आहे. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचे रूळ १:१९ मध्ये बरोबर ३२ मिलिमीटरवर बसतात. दार्जिलिंगचंही तेच. त्यामुळे परदेशातल्या लोकांसाठी बनलेले रूळ, चाकं, कपलिंग आपल्या माथेरानच्या गाडीला जसेच्या तसे चालतात. बार्शी लाइट रेल्वेचं मात्र जमत नाही. ती अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची होती. १:१९ मध्ये तिला ४० मिलिमीटरचे रूळ लागतील, आणि तसे तयार मिळत नाहीत. बार्शी करायचीच असेल तर ४५ मिलिमीटरचे रूळ घेऊन गाडी १:१७ मध्ये स्वतः बांधावी लागते. पहिल्या गाडीसाठी हा उद्योग नको.

४५ मिलिमीटरचे रूळ (एलजीबी ब्रँडचे असतात ते) घ्यावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. बऱ्याच इंजिनांची चाकं ३२ किंवा ४५ अशा दोन्ही मापांवर सरकवून घट्ट करता येतात. जवळपास कुणाकडे रूळ असतील तर त्यांचं माप घ्या. कुणीच नसेल तर ३२ घ्या. दोन फुटी गाडी त्यावरच नीट दिसते.

इंजिन घेताना

नव्या माणसाने गॅसवर चालणारं, दोन सिलिंडरचं, चार किंवा सहा चाकांचं टँक इंजिन (मागे वेगळा टेंडर डबा नसलेलं) घ्यावं. इंग्लंडातल्या डॉनकास्टरची राऊंडहाऊस आणि अमेरिकेतली अॅक्युक्राफ्ट या कंपन्या म्हणजे यातली दोन जुनी नावं. राऊंडहाऊसने दार्जिलिंगच्या 'बी' वर्गाचंही इंजिन केलं आहे. अॅक्युक्राफ्टचं 'रुबी' लहान आणि स्वस्त, पण त्यात पाणी कमी मावतं, म्हणून लक्षही जास्त द्यावं लागतं.

ममोड कंपनीची इंजिनं जुन्या बाजारात स्वस्त दिसतात. त्यांचे सिलिंडर डुलणारे असतात, त्यामुळे वाफेवर ताबा कमी. इंजिन एक तर उभं राहतं नाहीतर सुसाट सुटतं. इंधन वडीच्या स्वरूपात जळतं आणि ते मध्येच विझवणं अवघड. संग्रहात ठेवायला ममोड छान आहे, पहिलं चालतं इंजिन म्हणून नाही. स्पिरिटवरची इंजिनं शांत आणि सुंदर चालतात, पण स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. सांडलेलं स्पिरिट पेटलं तरी कळत नाही. कोळशावरचं इंजिन तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घ्यायचं.

जुनं इंजिन घेताना रंग शेवटी पाहा. आधी ही तपासणी करा, इंजिन थंड असताना:

चाकं हाताने फिरवा. एका पूर्ण फेरीत कुठेही अडू नयेत. एकाच जागी अडत असतील तर दांडा वाकलेला आहे किंवा क्रॅंक सरकलाय. चाक हातात धरून आत-बाहेर हलवा. थोडी ढिलाई हवीच, पण वर-खाली हलत असेल तर बेअरिंग झिजलंय. धुराड्याखाली आणि बॉयलरच्या पुढच्या तोंडाशी हिरवट-पांढरा थर दिसला तर तिथून वाफ गळत होती. बॉयलर तांब्याचा आणि चांदीच्या झाळीचा असावा. त्यावर कुणी नंतर शिशाची झाळ थापली असेल तर इंजिन घेऊ नका. बॉयलर कोरडा पडला की ती झाळ वितळते. चाचणीचा कागद मागा. नसेल तर घरी आणून पेटवण्याआधी थंड पाण्याची दाबचाचणी करून घ्या: सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी बूच लावायचं, बॉयलर काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही आणि हातपंपाने दाब चढवायचा. ४० पौंडांवर (दर चौरस इंचावरचा दाब) चालणाऱ्या इंजिनाला ६० पौंड, दहा मिनिटं, आणि काटा खाली येता कामा नये. बॉयलर उघडून दुरुस्त केला असेल तर ८० पौंड. हे पाण्यानेच करायचं, हवेने कधीच नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे झाळ सुटली तर नुसतं गळतं. दाबलेली हवा तुकडे उडवते.

परदेशातून मागवणार असाल तर किमतीत सीमाशुल्क धरा. मापाबरहुकूम केलेल्या प्रतिकृतीही खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात, आणि तिथलं मूळ शुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के आणि २०२३ साली ७० टक्के झालं. त्यावर जीएसटी वेगळा. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. कुणी विमानातून आणणार असेल तर गॅसची टाकी रिकामी, झाकण उघडं, आणि सोबत माहितीपुस्तिका असू द्या. गॅसचे डबे विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत.

रूळ आणि गच्चीचा उतार

आपल्या गच्च्या सपाट दिसतात, पण नसतात. पावसाचं पाणी जाण्यासाठी कोब्याला साधारण शंभरात एक उतार दिलेला असतो. चालताना तो जाणवतही नाही, पण हाताने चालवायच्या छोट्या इंजिनाला पुरेसा जाणवतो: एका बाजूला गाडी पळते, दुसऱ्या बाजूला दमते. रेडिओ कंट्रोल नसेल तर प्रत्येक फेरीत रेग्युलेटर (सिलिंडरला जाणारी वाफ कमी-जास्त करायचा दांडा) हलवण्यासाठी मागे धावावं लागतं.

म्हणून रूळ थेट गच्चीवर मांडू नका. विटांवर किंवा लोखंडी घोड्यांवर १८ मिलिमीटरच्या प्लायच्या पट्ट्या ठेवून त्यावर रूळ बसवा. समतल करायला गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी उत्तम. स्पिरिट लेव्हलने दोन-दोन फूट मोजत गेलं तर चूक साचत जाते, नळीने पंधरा फुटांवरची दोन टोकं एकदम जुळतात. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंची मिळाली तर फारच छान: वाकावं लागत नाही आणि लहान मुलांचे हात तापलेल्या इंजिनापर्यंत सहज पोचत नाहीत.

वळणाची त्रिज्या बऱ्याच इंजिनांना ६० सेंटिमीटर चालते असं पुस्तिकेत असतं. चालते, पण तिथे घर्षण एवढं वाढतं की हळू चालवता येत नाही. १.२ मीटर त्रिज्या धरा. दोन्ही टोकांना १.२ मीटरची अर्धवर्तुळं आणि मध्ये तीन-तीन मीटरचे सरळ रूळ घेतले तर सगळा फेरा साडेतेरा मीटरचा होतो आणि जागा साडेपाच मीटर बाय अडीच मीटरहून थोडी जास्त लागते. पेकोचे एसएम-३२ लवचिक रूळ ९१४ मिलिमीटरचे येतात. त्यांचे १५ नग लागतील, एक जास्तीचा घ्या.

सांध्यात फट ठेवायला विसरू नका. डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना मांडलेला रूळ मे महिन्यात गच्चीवर ६० अंशांपर्यंत तापतो. तेवढ्यात ९१४ मिलिमीटरचा धातूचा रूळ सुमारे ०.७ मिलिमीटरने वाढतो. दर सांध्याला एक मिलिमीटर फट ठेवली तर पुरते. थंडीत रूळ घट्ट भिडवून ठेवले तर उन्हाळ्यात ते नागमोडी होतात.

तयारी

हाताशी हे सामान हवं: ६० मिलीची सिरिंज आणि तिला जोडलेली बारीक नळी, लांब नाकाचा गॅस लायटर, चामड्याचे हातमोजे, सुती चिंध्या, बारीक टोकाची तेलाची बाटली, इंजिनासोबत आलेले पाने, आणि पाण्याची बादली. अग्निशामक असेल तर उत्तम.

तेलापासून सुरुवात करा. इथे दोन वेगळी तेलं लागतात आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आस, क्रॅंकपिन, व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरच्या झडपा हलवणारे दांडे) अशा बाहेर फिरणाऱ्या भागांना शिलाई मशीनचं किंवा तत्सम हलकं तेल, प्रत्येक सांध्याला एक थेंब. सिलिंडरच्या आत मात्र स्टीम ऑइल लागतं. ते घट्ट, गडद असतं आणि तापलेल्या ओल्या वाफेत धातूला धरून राहतं. या छोट्या इंजिनांना ४६० ग्रेडचं चालतं. मोटारीचं इंजिन ऑइल वापरू नका. त्यातली रसायनं तेल पाण्यात मिसळवतात, पांढरट चिखल होतो आणि वाफेच्या बारीक नळ्या तुंबतात.

हे स्टीम ऑइल जिथे घालायचं त्या डबीला ल्युब्रिकेटर म्हणतात. तिचं काम समजून घेतलं की पुढच्या बऱ्याच अडचणी सुटतात. वाफेची नळी डबीच्या तोंडाजवळून जाते, तिला एक अगदी बारीक छिद्र असतं. वाफ त्या छिद्रातून आत शिरते, गार होते, तिचं पाणी होतं. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर ढकलतं. ते छिद्रातून वाफेत मिसळून सिलिंडरपर्यंत जातं. म्हणजे दर वेळी पेटवण्याआधी डबीतलं जुनं पाणी काढून टाकायलाच हवं, नाहीतर वरून नवं तेल मावणारच नाही. तळाचा स्क्रू ढिला करा किंवा सिरिंजने तळापर्यंतचं ओढून घ्या, आणि मग काठाच्या किंचित खालपर्यंत तेल भरा.

पाणी. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बॉयलरमध्ये घालू नका. त्यातल्या क्षारांचा थर तांब्यावर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी किंवा स्वच्छ भांड्यात धरून गाळलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. एसीतून ठिबकणारं पाणी पुष्कळ जण वापरतात. चालतं, पण ते कॉफीच्या गाळणकागदातून दोनदा गाळा, कारण त्यात धूळ आणि शेवाळ असतं. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी बहुधा क्षार पूर्ण काढलेलं असतं. काही उत्पादक ते वापरू नका असं स्पष्ट सांगतात, कारण त्याने पितळी भागांतलं जस्त झिजतं. आपल्या इंजिनाची पुस्तिका काय म्हणते ते पाहा.

किती भरायचं? पाण्याची काच (आतली पातळी दाखवणारी नळी) असेल तर तीन-चतुर्थांश. काच नसेल तर बॉयलर पूर्ण भरा आणि सिरिंजने ३० मिली परत काढा. हे तीस मिली उगीच नाहीत. ४० पौंड दाबाला पाणी सुमारे १४२ अंशांना उकळतं आणि तोवर ते सात-आठ टक्क्यांनी फुगलेलं असतं: २०० मिलीचं २१५ होतं. जागा ठेवली नाही तर वाफेऐवजी पाणीच सिलिंडरमध्ये जातं. लहान बॉयलरला हा आकडा पुस्तिकेतून घ्या.

गॅस सगळ्यात शेवटी, आणि उघड्यावर. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो. तो खोलीत, खोक्यात, इंजिनाच्या तळाशी साचून राहतो. जिथे पेटवणार तिथून दहा फूट लांब भरा. गिर्यारोहकांच्या दुकानात आट्यांचे डबे मिळतात, त्यात ब्युटेनमध्ये तीस टक्क्यांपर्यंत प्रोपेन असतो. इंग्लंडच्या थंडीत तो लागतो. ब्युटेन शून्याच्या आसपास उकळतो, त्यामुळे तिकडे नुसत्या ब्युटेनला थंडीत दाबच येत नाही. आपल्याकडे उलटं आहे. ३० अंशांना ब्युटेनचा दाब पावणेदोन ते दोन बार असतो, तो बर्नरला भरपूर झाला. त्याच तापमानाला प्रोपेनचा जवळजवळ दहा बार. मार्च ते मे शुद्ध ब्युटेनच वापरा. घरच्या एलपीजी सिलिंडरमधून भरणं हा प्रकार डोक्यातूनही काढून टाका.

भरायची रीत: गॅस व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, डबा उलटा धरा, नाक सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहतो आणि टाकी भरली की नाकाच्या कडेने पांढरे थेंब उडतात. तिथे थांबा. टाकी तापलेली असेल तर गॅस आत जातच नाही, कारण द्रव उष्णाकडून गारकडे जातो. टाकीवर दोन मिनिटं ओलं फडकं ठेवा, मग सहज भरेल.

आणि आता मुख्य नियम. गॅस आधी संपला पाहिजे, पाणी नंतर. बहुतेक इंजिनांच्या टाक्या तशाच मापाच्या असतात, पण जुन्या, बदललेल्या किंवा गळणाऱ्या इंजिनात हे गृहीत धरू नका. पहिल्या काही खेपांना गॅस संपल्यावर, बॉयलर गार झाला की उरलेलं पाणी सिरिंजने मोजा. ३० मिलीपेक्षा कमी उरत असेल तर पुढच्या वेळी गॅस कमी भरा किंवा मध्ये पाणी घाला. पाणी मध्येच घालायची सोय असलेली (गुडॉल) झडप बसवून मिळते, पैसे त्यावर खर्च करावेत.

पेटवणं आणि पहिले चार इंच

लायटर धुराड्याच्या तोंडावर आधी पेटवा, मग गॅसची चावी अगदी थोडी उघडा. 'भप्प' आवाज होऊन ज्योत धुराड्यातून मागे जाऊन बॉयलरच्या नळीत बसते. दोन-तीन सेकंदांत पेटलं नाही तर चावी बंद, गॅस उडून जाऊ द्या, पुन्हा करा. ज्योत धुराड्यातच किंवा पुढच्या पेटीतच जळत राहिली तर गॅस जास्त आहे: लगेच बंद करा. तसंच जळू दिलं तर पुढचा रंग जातो आणि बर्नर बसलेल्या नळीत काहीच तापत नाही. बसलेली ज्योत हलका घरघराट करते. शिट्टीसारखा ओरडण्याचा आवाज आला तर गॅस जरा कमी करा किंवा बर्नरवरची हवेची कडी किंचित सरकवा.

पाच ते आठ मिनिटांत दाब चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसू लागेपर्यंत थांबा. पहिल्यांदाच चालवत असाल तर व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उघडतोय ना, हे पाहणंच त्या दिवसाचं पहिलं काम. काटा ४० च्या पुढे जाऊ लागला आणि व्हॉल्व्ह उघडला नाही तर आग बंद करा.

आता नवशिक्यांचा नेहमीचा गोंधळ. रेग्युलेटर उघडला, गाडी हलत नाही, म्हणून अजून उघडला, आणि मग गाडी एकदम झेपावून वळणावर उलटली. कारण सिलिंडर अजून गार असतात. आत गेलेल्या वाफेचं लगेच पाणी होतं, ते दट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये अडकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. उपाय असा: रिव्हर्सर (गाडीची दिशा बदलायचा दांडा) पुढे घ्या, रेग्युलेटर केसभर उघडा, आणि हातमोजा घालून इंजिन हाताने चार इंच पुढे ढकला. मग रिव्हर्सर मागे घेऊन चार इंच मागे. असं आठ-दहा वेळा. धुराड्यातून गरम तेलकट पाणी उडेल, तेव्हा तोंड वर धरून वाकू नका आणि खाली कपडे वाळत घातलेले नाहीत ना ते बघा. पाणी थांबून कोरडी पांढरी वाफ यायला लागली की इंजिन आपोआप निघतं.

चालवणं

आधी एकट्या इंजिनाला दोन फेऱ्या, मग डबे. डबे जोडल्यावर गाडी जास्त चांगली चालते. ओझ्यामुळे वेग आवरतो. दाब ४० वर ठेवायची गरज नाही, २०–३० वर गाडी संथ आणि स्थिर चालते, गॅसही वाचतो. ज्योत तेवढी कमी ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतोय याचा अर्थ गॅस आणि पाणी दोन्ही वाया जातंय.

वेगाचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. ताशी १२ किलोमीटरने डोंगर चढणारी गाडी १:१९ मध्ये सेकंदाला साडेसतरा सेंटिमीटर जाते. म्हणजे साडेतेरा मीटरच्या फेऱ्याला सव्वा मिनिट लागलं पाहिजे. पहिल्यांदा बहुतेकांची गाडी पंचवीस सेकंदांत फेरा मारते. माथेरानच्या घाटात विसाला एक असा चढ आहे, पण तो प्रतिकृतीत आणायचा मोह टाळा. हाताने चालवायचं असेल तर पन्नासाला एक हा चढ खूप झाला.

रूळ तेलकट होतात, कारण धुराड्यातून तेल उडत राहतं. चाकं जागीच फिरायला लागली की स्पिरिटचं फडकं रुळांवरून फिरवा. हे आग विझलेली असताना.

विझवताना

गॅस संपला की आवाज थांबतो. चावी बंद करा. उरलेल्या वाफेवर गाडी फिरू द्या, म्हणजे दाब आपोआप उतरतो. काटा शून्यावर आल्यावरच पाण्याचं झाकण किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह ढिला करा. दाब असताना कुठलंही झाकण फिरवायचं नाही. पण गार झाल्यावर घट्ट बंदही ठेवायचं नाही: आतली वाफ आटते, पोकळी होते आणि ल्युब्रिकेटरमधलं तेल उलटं बॉयलरमध्ये ओढलं जातं. पुढच्या वेळी त्या तेलाचा फेस होतो.

लगेच पुन्हा चालवायचं असेल तर पंधरा मिनिटं थांबा. गॅसची टाकी हाताला गार लागली पाहिजे आणि आसपास काहीही पेटलेलं नको. चुकून बॉयलर कोरडा तापला असेल तर त्यात पाणी ओतू नका. आग बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या, आणि पुढच्या पेटवणीआधी थंड पाण्याची दाबचाचणी करा.

अडतं कुठे

पेटतच नाही, किंवा ज्योत अशक्त: जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक छिद्राचं तोंड) तुंबलाय. पानटपरीवर मिळणाऱ्या स्वस्त लायटर गॅसमधलं मेणचट तेल हे याचं नेहमीचं कारण. जेट काढून थिनरमध्ये रात्रभर ठेवा आणि उलट्या बाजूने हवा मारा. त्यात सुई किंवा तार घालू नका. छिद्र मिलिमीटरच्या एक-दोन दशांश एवढंच असतं, ते जरा जरी मोठं झालं तरी जेट बाद.

ज्योत भकभकते, पिवळी होते: टाकी काठोकाठ भरल्याने गॅसऐवजी द्रव जातोय. दोन मिनिटांत थांबलं तर ठीक. थांबलं नाही तर हवेची छिद्रं तेलाने किंवा धुळीने बुजली आहेत.

धुराड्यातून सतत पाणी उडतं: पाणी जास्त भरलंय, किंवा बॉयलरमध्ये तेल गेल्याने फेस होतोय. बॉयलर गार झाल्यावर रिकामा करून तीन-चारदा स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या.

गाडी झटके देत चालते: ल्युब्रिकेटर उघडून पाहा. आत निम्मं-शिम्मं पाणी जमलं असेल तर तेल नीट जातंय. डबी तेलाने तशीच भरलेली असेल तर छिद्र बुजलंय आणि सिलिंडर कोरडे चालतायत. तशी गाडी एक फेराही पुढे नेऊ नका. नुसतं पाणीच असेल तर तेल लवकर संपतंय, मधल्या वेळी पुन्हा भरा.

दट्ट्याच्या दांड्याजवळून वाफ गळते: ग्लॅंड नट (दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबून धरणारा नट) पाव फेरा आवळा, त्याहून जास्त नाही, नाहीतर दांडाच जाम होतो. तरी थांबलं नाही तर पॅकिंग किंवा ओ-रिंग बदला. ओ-रिंग व्हायटन रबराचीच घ्या. साधी नायट्राइलची काळी रिंग उष्णतेने कडक होते.

संग्रह ठेवताना

मुंबई-कोकणच्या हवेत पितळेपेक्षा पोलादाची काळजी जास्त. आस, व्हॉल्व्ह गिअरचे दांडे, स्क्रू यांना पावसाळ्याआधी हलक्या तेलाचा हात फिरवा. बॉयलर रिकामा करून झाकण उघडं ठेवून दोन दिवस वाळू द्या. बंद प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर इंजिन गुंडाळणं हा गंज आणायचा खात्रीचा मार्ग आहे. सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह लाकडी पेटीत ठेवा. मूळ खोक्यातला फोम रंगाला थेट टेकू देऊ नका. काही वर्षांनी तो चिकट होऊन रंगावरच बसतो.

न चालणारं इंजिन वर्षातून दोनदा तरी हाताने रुळांवर फिरवा, म्हणजे रिंगा एकाच जागी चिकटत नाहीत. दर इंजिनाची एक वही ठेवा: दाबचाचणीची तारीख, कधी कुठली ओ-रिंग बदलली, किती गॅसला किती पाणी उरलं. जुनं ममोड मिळालं तर त्याचा जळका रंग काढून नवा देऊ नका, संग्राहक मूळ रंगाचेच पैसे देतात. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र नवा बसवा आणि जुना एका पाकिटात घालून खोक्यातच ठेवा.